घाम गाळला की दारू सुटते का?

*माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. ११ वर्षं रोज दारू पीत होता. पाच आठवड्यांपूर्वी त्याला दवाखान्यात दाखल केलं, आठ दिवस ठेवलं, तेव्हापासून त्याने थेंबही घेतलेला नाही. डॉक्टरांनी डायसल्फिराम (दारूपासून दूर ठेवणारी गोळी) आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आहेत. घरी आल्यावर त्याने स्वतःहून व्यायाम सुरू केला. पहाटे पाचला उठून आठ-दहा किलोमीटर धावतो आणि दुपारी जिममध्ये वजनं उचलतो. म्हणतो, "सगळी दारू घामावाटे काढून टाकतो, मग गोळ्या कशाला?" गेले चार दिवस त्याने डायसल्फिराम घेतलेली नाही. तळपायांना मुंग्या येतात, पण बूट नवीन आहेत म्हणून टाळतो. संध्याकाळी सातच्या सुमाराला मात्र फार चिडतो, घरात येरझाऱ्या घालतो. त्याचा हुरूप मोडावा असं वाटत नाही. व्यायामाने खरंच दारू सुटेल का? माझा १५ वर्षांचा मुलगा मामाचं सगळं बघतो आहे. त्याला खेळात घातलं तर तो तरी या वाटेला जाणार नाही ना?*

*— एक बहीण*

ताई, नमस्कार.

भावाचा हुरूप मोडू नका, तो जपायचाच आहे. पण त्याआधी दोन गोष्टी शक्य तर उद्याच डॉक्टरांच्या कानावर घाला. एक, त्याने गोळी बंद केली आहे. दुसरी, तळपायांना मुंग्या येत आहेत. पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

या मुंग्यांना बुटांपेक्षा जास्त शक्यतेची तीन कारणं आहेत. वर्षानुवर्षं दारू प्यायल्याने पायांच्या नसा खराब होतात. दारूमुळे शरीरात ब-१ जीवनसत्त्व कमी पडतं, त्यानेही नसा दुखावतात. आणि डायसल्फिराम ही गोळीसुद्धा काही जणांच्या नसांना त्रास देते. यातलं नेमकं कोणतं, हे घरी बसून कळणार नाही. म्हणूनच गोळी पुन्हा चालू करायची, तिचा डोस बदलायचा की दुसरं औषध द्यायचं, हा निर्णय तुमचाही नाही आणि त्याचाही नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या. तपासणी होईपर्यंत धावणं बंद. बधिर पावलाला फोड आलेला कळत नाही, घोटा मुरगळतानाही उशिरा समजतं. स्थिर सायकल, सपाट जागी सावकाश चालणं, खुर्चीवर बसून करायचे हातांचे व्यायाम हे चालेल. रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात नीट पाहायचे.

आता घामाबद्दल. दारू घामावाटे निघते ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. प्यायलेल्या दारूतला ९० टक्क्यांहून अधिक भाग शरीरात, मुख्यतः यकृतात, मोडला जातो. श्वास, लघवी आणि घाम मिळून उरलेले थोडेच टक्के बाहेर पडतात. यकृत हे काम स्वतःच्या ठरलेल्या गतीने करतं, धावून ती गती फारशी वाढत नाही. शिवाय पाच आठवड्यांनंतर भावाच्या अंगात काढून टाकायला दारू उरलेलीच नाही. ती दवाखान्यातल्या पहिल्या एक-दोन दिवसांतच संपली. उरली आहे ती मेंदूत बसलेली सवय, जी ठरावीक वेळेला, ठरावीक रस्त्यावर, ठरावीक माणसांत उसळते. व्यायामाचं काम तिच्याशी आहे. गोळीचंही तिच्याशीच आहे, फक्त वेगळ्या बाजूने. डायसल्फिराम तलफ कमी करत नाही. पण ती चालू असताना प्यायलं तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. हे माहीत असल्यामुळे माणूस पहिल्या घोटापाशी थांबतो. भावाला हेही स्पष्ट सांगा की गोळी थांबवल्यावर तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. चार दिवस घेतली नाही म्हणून आता प्यायला हरकत नाही, असं अजिबात नाही. आणि व्यायाम करणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही ती गोष्ट: दुखऱ्या स्नायूंवर मारायचे काही स्प्रे आणि चोळायची काही औषधं यांत अल्कोहोल असतं. या गोळीबरोबर त्यांनीही त्रास होऊ शकतो, म्हणून बाटलीवरचे घटक वाचूनच वापरायचं.

व्यायामाने दारू सुटते का?

एकट्या व्यायामाने सुटते असं आम्ही म्हणणार नाही. उपचाराला तो फार चांगली साथ देतो, असं मात्र खात्रीने म्हणू. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो त्या-त्या वेळच्या तलफेबद्दल. सिगारेट सोडणाऱ्यांवर हे पुन्हा पुन्हा तपासलं गेलं आहे. पाच ते पंधरा मिनिटं भरभर चाललं तरी तलफ उतरते, आणि चालणं थांबल्यावरही काही वेळ उतरलेली राहते. दारूच्या बाबतीतही लहान अभ्यासांत असाच कल दिसतो. दुसरा फायदा मनाचा आणि झोपेचा. नियमित व्यायामाने उदासी आणि चिंता कमी होते, झोप सुधारते. दारू सोडल्यावर पहिले काही महिने झोप बिघडलेलीच असते, आणि पुन्हा प्यायला लागण्याचं ते एक मोठं कारण असतं. तिसरा फायदा मेंदूतला. मेथअँफेटामाइन हा उत्तेजक अमली पदार्थ सोडणाऱ्या काही जणांना आठ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा व्यायाम करायला लावला, तेव्हा त्यांच्या मेंदूतली डोपामाइनची ग्राहकस्थानं, म्हणजे गोडी वाटायला लावणारं हे रसायन जिथे पकडलं जातं त्या जागा, वाढलेली आढळली. अभ्यास लहान होता, पण दिशा आशादायक आहे. व्यसनात हीच ग्राहकस्थानं कमी झालेली असतात आणि म्हणूनच सुरुवातीला कशातच गोडी वाटत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत कोकेनसारख्या उत्तेजक द्रव्यांचं व्यसन असलेल्या ३०२ जणांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला उपचारांबरोबर जोरकस व्यायाम दिला, दुसऱ्याला उपचारांबरोबर आरोग्याची माहिती. सगळ्यांचा हिशेब धरला तर व्यसनापासून दूर राहण्यात दोन्ही गटांत ठळक फरक पडला नाही. सिगारेटचंही तसंच आहे. तलफ त्या वेळेपुरती नक्की उतरते, पण व्यायामामुळे वर्षभरानंतरही सिगारेट सुटलेली राहते, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा मिळालेला नाही. आमच्या मते यातून शिकायचं ते हे की व्यायाम किती जोरात केला यापेक्षा तो कोणत्या वेळी केला आणि किती महिने टिकला, याला जास्त महत्त्व आहे. भाऊ नेमका जोराच्या मागे लागला आहे.

पहाटेचा व्यायाम संध्याकाळी आणा

त्याचा दिवस पाहा. पहाटे धावणं, दुपारी वजनं, म्हणजे संध्याकाळी सातला तो थकलेला, भुकेलेला आणि अपुऱ्या झोपेचा असतो. व्यसनमुक्तीच्या कामात चार अवस्था धोक्याच्या मानतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. यातल्या दोन तरी तो स्वतःच्या व्यायामाने रोज ओढवून घेतो आहे. चिडचिड आणि येरझाऱ्या हीच तलफ आहे. त्याला ती तलफ वाटत नसेल, नुसती अस्वस्थता वाटत असेल, पण वेळ बघा. ११ वर्षं बहुधा याच वेळेला पहिला पेला भरला जात होता.

म्हणून रोजचा मुख्य व्यायाम तलफेच्या अर्धा तास आधी सुरू झाला पाहिजे आणि ती वेळ ओलांडून संपला पाहिजे. साडेपाचला थोडं खाणं आणि दोन पेले पाणी. साडेसहाला घराबाहेर. साडेसातपर्यंत चालणं किंवा सायकल, त्यातली पहिली आणि शेवटची पाच मिनिटं सावकाश. मग अंघोळ आणि लगेच जेवण. पोट भरलं की पिण्याची ओढ बरीच ओसरते. वाटेत जुना गुत्ता किंवा जुनी मित्रमंडळी लागत असतील तर रस्ता बदला, लांबचा पडला तरी चालेल. रात्री नऊनंतर दमवणारा व्यायाम नको, झोप उडते. पहाटे जाग आलीच तर वीस मिनिटं हलकं चालणं पुरे.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम अशी आहे. १५० मिनिटं हे त्याने हळूहळू गाठायचं ठिकाण समजा. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की पहिले दोन आठवडे रोज वीस मिनिटं चालायचं, म्हणजे वर सांगितलेल्या तासाभरातला उरलेला वेळ नुसतं बाहेर, सोबत कुणी असेल तर गप्पांत जाऊ द्या. पुढे दर आठवड्याला रोजची पाच मिनिटं वाढवायची. वेळ आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. वेगाची खूण सोपी आहे: बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. नाडी मोजायचीच असेल तर २२० मधून वय वजा केल्यावर येतात १८६, त्याच्या ५० ते ७० टक्के म्हणजे मिनिटाला ९३ ते १३० ठोके. पण रक्तदाबाची किंवा थरथर थांबवणारी काही औषधं नाडी वाढूच देत नाहीत. तशी चालू असतील तर आकडा सोडून द्या आणि बोलण्याचीच खूण धरा.

स्नायूंसाठी आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक तरी दिवस सोडून, खुर्चीवरून दहा वेळा उठबस, भिंतीला टेकून दहा जोर आणि हलकी वजनं पुरेत. श्वास रोखून जड वजन उचलणं सध्या नको. यकृत कठीण झालं असेल तर त्याने पोटातल्या शिरांवरचा दाब वाढतो आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटण्याचा धोका असतो. यकृताची स्थिती कळेपर्यंत जिममधली जड वजनं थांबवा. डॉक्टरांकडे जाल तेव्हा रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन, यकृताच्या तपासण्या आणि रक्तातलं पोटॅशियम-मॅग्नेशियम यांबद्दल विचारा. दारूने हृदयाचा स्नायू कमकुवत होतो, ठोके अनियमित होतात, आणि हे क्षार कमी असताना अंगमेहनत केली की ठोके आणखी बिघडू शकतात.

रोजच्या व्यायामाबाहेर अचानक तलफ आली तर काय, हे आधीच ठरलेलं हवं, कारण त्या वेळी विचार करणं जमत नाही. त्याने स्वतःला विचारायचं, शून्य ते दहात ही तलफ किती? आकडा मोठ्याने म्हणायचा किंवा लिहायचा. बूट घालायचे, पैशांचं पाकीट घरी ठेवायचं, ठरलेल्या एका माणसाला फोन लावायचा आणि बोलत-बोलत दहा-पंधरा मिनिटं भरभर चालायचं. मग पुन्हा आकडा. बहुतेक तलफा अर्ध्या तासात ओसरतात, त्यामुळे आकडा बहुधा उतरलेला दिसतो, आणि तो स्वतः लिहिलेला असल्याने पुढच्या वेळी विश्वास बसतो. पंधरा मिनिटांनंतरही आकडा सातच्या वर असेल तर आणखी चालत बसू नये. त्या वेळी माणसाजवळ जावं: घरी, समुपदेशकाकडे, स्वमदत गटाच्या बैठकीला. पाय दुखत असतील किंवा बाहेर जाता येत नसेल, तर जिना सावकाश चढ-उतार, किंवा दोन्ही मुठी दहा सेकंद घट्ट आवळून सोडणं, असं पाच मिनिटं.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते दुखापतीने. जोशात सुरुवात, तिसऱ्या आठवड्यात गुडघा, मग सक्तीची विश्रांती आणि मोकळी संध्याकाळ. म्हणून पर्याय आधीच ठरवून ठेवा: पाय दुखला तर हातांचे व्यायाम, पण वेळ तीच, साडेसहाची. नवीन व्यायामाने अंग दुखणं साहजिक आहे, ते एक ते तीन दिवस राहतं. त्यासाठी मनाने वेदनाशामक गोळ्या नकोत. दारूने दुखावलेल्या पोटात काही गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पॅरासिटामॉल जास्त झाली तर यकृतावर ताण येतो, आणि अफूच्या वर्गातली वेदनाशामकं म्हणजे दुसऱ्या व्यसनाचं दार. कोणती, किती, हे डॉक्टरांनाच विचारा. छातीत दुखणं, चक्कर, ठोके चुकल्यासारखे वाटणं, गडद तपकिरी लघवी यांपैकी काहीही झालं तर व्यायाम थांबवून लगेच दवाखाना.

दुसरी चूक बक्षिसाची. रोजच्या नोंदी ठेवणाऱ्यांच्या अभ्यासांत असं दिसलं आहे की लोक ज्या दिवशी जास्त व्यायाम करतात, त्याच दिवशी थोडी जास्त पितात. 'आज एवढं केलं, एक चालेल' हा विचार भावाच्याही मनात येणार. तो आला की उघड बोलायचा, असं आजच ठरवून घ्या. खेळून झाल्यावर प्यायला बसणारा गट असेल तर तो गट कितीही चांगला खेळत असला तरी टाळा.

जिममध्ये ताकद वाढवणारी पावडर, व्यायामाआधीचं उत्तेजक पेय, इंजेक्शन असं काही सुचवलं गेलं तर साफ नाही म्हणायचं. त्या पेयांत कॅफिन भरपूर असतं, त्याने झोप आणि ठोके दोन्ही बिघडतात. शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टेरॉइड्स यकृताला आणि हृदयाला घातक आहेत आणि त्यांचीही सवय लागते.

व्यायामाचंच वेड लागू शकतं. एक दिवस चुकला की घाबरणं, दुखत असताना करणं, समुपदेशनाची वेळ व्यायामासाठी चुकवणं ही त्याची लक्षणं आहेत. औषध बंद करून धावणं याच जातीचं आहे, म्हणून गोळीचा विषय आम्ही सर्वांत आधी घेतला. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती ठेवा, पण त्या दिवशीच्या संध्याकाळी दुसरं काहीतरी ठरलेलं हवं. उलट, अगदी नको वाटेल त्या दिवशी दहा मिनिटं चाललं तरी तो दिवस भरला असं धरा. सलग दोन दिवस मात्र सुटू देऊ नका.

आणि तो पुन्हा प्यायला तर? दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून धावायचं नाही. शरीरात पाणी कमी, साखर उतरलेली, हृदयावर ताण, अशा वेळी विश्रांती, पाणी, जेवण आणि डॉक्टरांना फोन. काही दिवस सलग पिऊन अचानक थांबला असेल तर ते घरी निभावू नका. थरथर आणि घाम सहा ते चोवीस तासांत सुरू होतात, झटके पहिल्या दोन दिवसांत येऊ शकतात, आणि भ्रम, भास, ताप ही गंभीर अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. ती जिवावर बेतू शकते. त्या काळात व्यायाम पूर्ण बंद. डॉक्टरांनी सांगितल्यावर पुन्हा दहा मिनिटांपासून.

इतर द्रव्यांबद्दल थोडक्यात, कारण हे वाचणाऱ्या काहींना लागेल. कोकेन किंवा मेथअँफेटामाइनच्या अमलाखाली व्यायाम करणं म्हणजे हृदयाला दोन्हीकडून मार, शरीराचं तापमानही धोकादायक चढतं. अफूवर्गीय द्रव्यं सोडताना पहिला आठवडा अंगदुखी आणि जुलाब यांतच जातो, तेव्हा घरातल्या घरात हालचाल पुरे. पुढे तब्येत सुधारली तरी आधी सोसणारी मात्रा आता सोसत नाही. जुन्या मात्रेने मृत्यू ओढवतो, आणि व्यायामाने कमावलेलं शरीर त्यापासून वाचवत नाही.

तुम्ही काय करायचं, आणि मुलाचं

तुम्ही पहारा करू नका. "गेलास का? किती चाललास?" या प्रश्नांनी व्यायाम घरच्यांसाठी होतो आणि भांडणाच्या दिवशी सुटतो. "मी साडेसहाला निघते आहे, येतोस?" एवढं पुरे. सोबत टिकली की व्यायाम टिकतो. डॉक्टरांकडे जातानाही "तुझी तक्रार करायला" नको, "पुढचं धावणं नीट व्हावं म्हणून पाय दाखवू" असं म्हणा. तो त्या वाक्यावर उठेल असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

मुलाला खेळात जरूर घाला, पण खेळ हे कवच समजू नका. किशोरवयीन मुलांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तर खेळणारी मुलं अमली पदार्थांपासून जास्त दूर राहताना दिसतात, दारू मात्र बऱ्याचदा थोडी जास्तच घेतात. कारण संघाची संगत, जिंकल्यावरचा जल्लोष, मोठ्या खेळाडूंचं अनुकरण. आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्याभरात एकदा तरी दारू पिऊन झिंगलेली होती, २०१६ साली ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. तिथे मुलांसाठी खेळ आणि कलांचे वर्ग वाढवले, त्यासाठी पैसे दिले, पण त्याच वेळी रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर बंधन घातलं, तंबाखू-दारूच्या विक्रीला आणि जाहिरातींना आळा घातला, आणि आईवडिलांनी मुलांबरोबर जास्त वेळ घालवण्याचं आपसांत ठरवलं. यातला खेळ तेवढा उचलला तर तोच परिणाम मिळेल असं धरू नका.

म्हणून संघ निवडताना प्रशिक्षकांना तीन गोष्टी विचारा. सामन्यानंतर मुलं कुठे जातात आणि बरोबर कोण मोठं असतं? संघात तंबाखू-दारूबद्दल काय नियम आहे, आणि तो प्रशिक्षकही पाळतात का? दुखापत झाली तर गोळी कोण देतं? उत्तरं नीट मिळाली नाहीत तर दुसरा संघ बघा. या वयात रोज साधारण एक तास दमछाक होईल अशी हालचाल हवी, मग ती सायकल, पोहणं, नाच काहीही चालेल. आणि मामाच्या आजाराबद्दल त्याच्याशी सरळ बोला. कुटुंबात जवळच्या कुणाला दारूचं व्यसन असेल तर धोका थोडा जास्त असतो, हे १५ वर्षांच्या मुलाला समजतं. संध्याकाळी मामाबरोबर चालायला जावंसं वाटलं तर जाऊ द्या. मामावर लक्ष ठेवण्याचं काम मात्र त्याच्यावर टाकू नका.